खुंटा न मानणारा घोडा

एका राज्यात रणधवल नावाचा राजा राज्य करीत होता. राज्याचं नाव विचारू नका. सांगितलं तर तुमच्यातला एखादा तिकडं जायला निघेल, आणि वाट काही धड नाही. राजा शूर, राजा न्यायी, पण खरा नाद एकच, घोड्यांचा. पागेत नऊशे घोडी, आणि एकेकाची पारख राजानं स्वतः केलेली. घोडा वीस पावलं चालून आला की राजा त्याचं वय सांगे, खोड सांगे, त्याच्या आईचा रंगसुद्धा सांगे. देशोदेशीचे सौदागर त्याला वचकून असत.

या नादापायीच घात झाला हो! ऐन उमेदीत राजा शिकारीला गेला नि वाट चुकून वाळूच्या रानात शिरला. सात कोस नुसती वाळू. माणसाचं पाऊल पडलं की गिळणारी; घोड्याचा खूर तेवढा ती पेलायची. सात कोसांवर काळा डोंगर, डोंगरात गुहा, गुहेत धूम्रकेश नावाचा मांत्रिक झोपलेला. उशाशी सोन्याचा लगाम. नऊशे घोड्यांच्या धन्याला मोह आवरला नाही. लगाम उचलला, घोड्याला टाच मारली, घर गाठलं, आणि महालात खुंटीवर टांगला.

टांगल्याबरोबर लगाम बोलू लागला. आवाज धूम्रकेशाचा. "चोरा, आजपासून तुझ्या राज्यात जन्मणारं मूल डोळे उघडणार नाही. तुझ्या पोटच्या लेकरानं हा लगाम माझ्या गुहेत परत टांगावा, त्या क्षणी सगळ्यांचे डोळे उघडतील. तू स्वतः आलास तर वाळू तुला घोड्यासकट गिळेल."

तसंच झालं. पोरं जन्मत, दूध पीत, रांगत, धावत, बापाला पावलांवरून ओळखत. पण पापण्या मिटलेल्या त्या मिटलेल्याच. वैद्य झाले, देवऋषी झाले, कशाचा गुण नाही. राजाला शापाआधीची तीन लेकरं होती. जयमल्ल थोरला, सूर्यमल्ल मधला, हेमकला धाकटी. ती मोठी होण्याची वाट बघण्यात अठरा वर्षं गेली. त्याच वर्षांत राणी गेली. जयमल्लाचं लग्न झालं, त्याला बकुळा नावाची मुलगी झाली, तिचेही डोळे मिटलेले. बाळंतपणात सूनबाई गेल्या. पोरीला वाढवलं ते आत्यानं, हेमकलेनं.

बकुळा सहा वर्षांची झाली तेव्हा जयमल्ल बापापुढं येऊन उभा राहिला. "आबासाहेब, माझी लेक मला कधी बघणार? मला घोडा द्या."

राजानं मीरजान सौदागराला बोलावलं. मीरजानचा तांडा दर साली यायचा, त्याच्याइतकी जातिवंत जनावरं कुणाकडे नव्हती. राजा तीन दिवस घोडे बघत होता. खूर ठोकून पाहिले, दात मोजले, दौडवून छातीला कान लावला, पाण्यावर सोडून पाहिले. घोडा पाण्यात ओठ खोल घालतो की दात दाखवत चाटतो, यावरून त्याचं मन कळतं म्हणतात. सगळ्यात शेवटी अंगावरचे भोवरे. राजाच्या मुलखात भोवरा पाहिल्याशिवाय घोडा कुणी घेत नसे. पुढच्या पायावर केसांचा भोवरा खाली वळलेला असेल तर तो खुंटेगाड. असा घोडा धन्याच्या दारात खुंटा गाडतो, कुठंही गेला तरी परतून पागेतच येतो. भोवरा वर वळलेला असेल तर तो खुंटेउपाड. तो खुंटा उपटतो, आणि धन्याचं घर मोडतं. खुंटेउपाडाच्या सावलीला कुणी उभं राहत नसे.

राजानं खुंटेगाड कुमाईत, काळपट तांबडा घोडा, निवडला. लेक परत यायला हवा होता ना! जयमल्ल लगाम घेऊन निघाला. नवव्या दिवशी घोडा आला. घामानं निथळत थेट आपल्या खुंट्यापाशी येऊन उभा राहिला. खोगीर रिकामं. महालात बघतात तो सोन्याचा लगाम पुन्हा खुंटीवर लटकलेला.

त्याच सकाळी एक टिटवी पागेच्या छपरावर येऊन बसली आणि माणसासारखं बोलली, "राजा, मी वाळूतून आले. ऐकतोस का?" टिटवी म्हणजे अपशकुन. राजानं तिला दगड मारून हाकलायला सांगितलं.

पुढच्या साली सूर्यमल्ल उभा राहिला. राजाला वाटलं, मागचा घोडा कुठंतरी उणा असणार. या खेपेला त्यानं पंचकल्याणी घेतला. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, छातीवर देवमण नावाचा शुभ भोवरा, आणि पुढच्या दोन्ही पायांवर खुंटेगाड. मीरजान म्हणाला, "महाराज, हा जगाच्या टोकावरून घरी येईल." राजा म्हणाला, "मला तोच हवा." नवव्या दिवशी पंचकल्याणी घरी आला. खोगीर रिकामं. लगाम खुंटीवर. टिटवी पुन्हा आली, "राजा, ऐकतोस का?" राजानं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. ती बिचारी किती वेळ ओरडत होती.

दोन तरणे मुलगे गेले. राजा पागेत पाऊल टाकीनासा झाला. नऊशे घोडी बाहेर खिंकाळायची आणि हा आत भिंतीकडे तोंड करून पडायचा. रडायचा, आणि रडू संपलं की पुन्हा तेच तेच आठवायचा: खूर चांगला होता, छाती चांगली होती, दात चांगले होते. मग चुकलं कुठं?

तिसऱ्या साली हेमकला आली. बकुळा तिच्या पदराला धरून मागं उभी होती.

"आबासाहेब, आता माझी पाळी."

"नाही."

"मग कुणाची?"

राजानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"परवा कुंभारवाड्यात बाळ जन्मलं," हेमकला म्हणाली. "आईनं त्याच्या पापण्या बोटांनी उघडून बघायचा प्रयत्न केला. मी तिथंच होते. मला परत तसं बघवणार नाही. घोडा द्या."

राजा उठून बाहेर आला. टिटवी छपरावर येऊन बसलीच होती. आज राजानं तिला हाकललं नाही. डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "बाई, चुकलं माझं. सांग."

टिटवी म्हणाली, "वाळूच्या मध्यावर धूम्रकेशानं एक वारा बांधून ठेवला आहे. तिथं पोचलं की प्रत्येक घोड्याला आपल्या पागेतल्या भिजल्या हरभऱ्याचा वास येतो. तुझे दोन्ही घोडे तिथून फिरले. राजपुत्रांनी ओढून पाहिलं, मारून पाहिलं, घोडे ऐकेनात. तुझे मुलगे भ्याले नाहीत राजा. लगाम घेऊन खाली उतरले आणि पायी निघाले. थोरला सात पावलं चालला. मधला अकरा."

अहो, घरी येणारा घोडा मागितला होता, घोडा घरी आला! दोन्ही वेळा आला. जनावराचा काय दोष?

राजा संध्याकाळपर्यंत पागेत दोन्ही घोड्यांपाशी बसला. मग म्हणाला, "मीरजानला बोलवा."

मीरजानच्या तांड्यामागं एक सब्जा घोडा असे. भुरका, हाडांचा, कधी कुणाच्या मालकीचा नाही. त्याला बांधत नसत. बांधला की खुंटा मुळासकट उपटून चालू लागे. पुढच्या दोन्ही पायांवर भोवरे वर वळलेले.

"महाराज, हा विकायला आणत नाही मी," मीरजान घाईघाईनं म्हणाला. "आमच्या तांड्याला कुठं घर नाही, म्हणून हा आमच्यासोबत चालतो. हा माघारी फिरत नाही. चार पावलं मागं सरायची असतील तरी अख्खा डोंगर वळसा घालून येतो. घरंदाज माणसानं याला हात लावू नये."

राजानं हात लावला. खूर उचलून पाहिले, लोखंडासारखे. दौडवून छातीला कान लावला, श्वास शांत. पाण्यावर सोडला, तर त्यानं डोळ्यांपर्यंत तोंड बुडवलं. घोड्यात एकही खोट नव्हती, फक्त तो भोवरा होता.

घोड्याचा सौदा तिथं रुमालाखाली व्हायचा. घेणाऱ्यानं नि देणाऱ्यानं रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा, तोंडानं बोलायचं नाही. राजानं रुमालाखाली हात घातला. भावाची बोटं धरायची सोडून त्यानं मीरजानचा पंजाच धरला. मीरजानला सगळं उमगलं. त्यानं बोटांनी काही भाव सांगितलाच नाही. राजाचा हात नुसता दोन्ही हातांत धरून ठेवला, बराच वेळ. मग रुमाल झटकून म्हणाला, "घेऊन जा महाराज. मलाही लेकी आहेत."

राजा हेमकलेकडे आला.

"बाळ, हा घोडा तुला गुहेपर्यंत नेईल. वाऱ्याला भुलणार नाही, त्याला कसल्या घराचा वास येणारच नाही."

"मग चांगलंच झालं."

"ऐकून घे. तो परत आणणार नाही. लगाम टांगशील, शाप सुटेल, तू जिवंत राहशील. पण हा घोडा फिरणार नाही. पलीकडे जाईल. पलीकडे काय आहे, मला माहीत नाही."

हेमकलेनं वाकून घोड्याचे खूर पाहिले. मग म्हणाली, "आबासाहेब, घोडा घेताना आधी काय बघावं म्हणून मी लहानपणी विचारायची. तुम्ही म्हणायचा, खूर."

"खोटं सांगितलं गं! तो कुणाला घेऊन जाणार आहे ते बघायचं असतं. मी दोन्ही वेळा घोडा पागेसाठी घेतला. तुझ्या दादांसाठी घेतला असता तर आज..." राजानं घोड्याच्या मानेवर हात ठेवला. "हा मी तुझ्यासाठी घेतलाय. तू नको म्हणालीस तर आत्ता सोडून देतो. राज्य गेलं खड्ड्यात."

"तुम्ही मला पुन्हा दिसणार नाही?"

"नाही, बाळ."

ती बापाच्या गळ्यात पडली आणि लहान मुलीसारखी रडली. राजाही रडला. मग तिनं तोंड धुतलं, बकुळेची वेणी घातली, तिला मांडीवर घेऊन कानात काहीतरी सांगितलं, आणि खुंटीवरचा सोन्याचा लगाम घेऊन खोगिरावर बसली. सब्जा चालू लागला. राजा वेशीपर्यंत रिकिबीला हात लावून चालला. वेशीवर हात सुटला. हेमकलेनं वळून वळून पाहिलं. घोड्यानं मान वळवली नाही.

पाचव्या दिवशी भर दुपारी महालातल्या खुंटीवर नजर गेली, लगाम परत आला नव्हता. सहाव्या दिवशीही नव्हता. तो केव्हा परत दिसेल या धाकानं राजानं अन्न सोडलं. सातव्या दिवशी बघतो तो खुंटी अजून मोकळीच! आणि शहरात एकदम ओरडा झाला. प्रत्येक घरातून, प्रत्येक गल्लीतून. चुलीपुढं बसलेल्या पोरी, रहाटावरचे पोरगे, पाळण्यातली तान्ही, सगळ्यांच्या पापण्या उघडल्या. अठरा-वीस वर्षांची माणसं आईचं तोंड हातांत धरून बघत बसली. उजेडानं डोळ्यांना पाणी येत होतं तरी कुणी डोळे मिटेना. कुंभारवाड्यातलं ते बाळ तर नुसतं टकामका छपराकडे बघत होतं.

टिटवी आली. राजा तिच्याकडे धावत गेला.

"लगाम टांगला," ती म्हणाली. "धूम्रकेश राख झाला, त्याचा वारा थांबला. राजकन्येनं घोड्याचं तोंड तीनदा घराकडे वळवलं. तीनदा तो उभाच राहिला. गुहेत ना पाणी ना दाणा. मग तिनं त्याला मनासारखं जाऊ दिलं. तो पलीकडच्या वाळूत उतरला आणि चालत राहिला. ती जिवंत आहे. मी उडून दमेपर्यंत बरोबर होते."

"काही बोलली?"

"म्हणाली, आबासाहेबांना सांग, घोडा उत्तम निवडला."

राजानं मागावर स्वार पाठवले. वारा थांबला होता, त्यामुळे काळ्या डोंगरापर्यंत सगळे सुखरूप गेले. डोंगरापलीकडच्या वाळूत पागेतल्या एकाही घोड्यानं पाय टाकला नाही. स्वार परत आले. राज्याचं सगळं ठीक झालं: शेतं पिकली, लग्नं झाली, जन्मलेलं मूल रडतच डोळे उघडू लागलं. राजानं न्याय केला, कारभार केला, काही कमी पडू दिलं नाही.

पण त्या पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. डोळे उघडले तेव्हा बकुळा महालाच्या चौकात होती. तिनं आयुष्यात एकही चेहरा पाहिलेला नव्हता. चौकात दासी होत्या, मानकऱ्यांच्या बायका होत्या, सगळ्या आनंदानं रडत होत्या. पोरगी एकेकीपुढं जाऊन उभी राही, मान वर करून तिच्या तोंडाकडे बघे आणि म्हणे, "बोला ना."

ती बाई काहीतरी बोले. बकुळा ऐके, मान हलवी आणि पुढच्या बाईकडे जाई.

अशी ती सगळ्यांजवळ जाऊन आली. शेवटी आजोबांपुढं आली. त्यांना तिनं पावलांवरूनच ओळखलं होतं. त्यांचा हात धरून म्हणाली, "आबासाहेब, यातली आत्या कोण?"