एरंडेल चोपडलेला खांब

एकदा एका वृद्ध संशोधक आचार्यांकडे त्यांची शिष्या वैदेही राजीनामा घेऊन आली. तिच्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचार चालू होते; पण रोग पसरला तर काय, या धास्तीने घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. कर्करोगाच्या पेशींना मारणारे औषध शोधायचेच, असा वैदेहीचा पण होता आणि तो काही केल्या तडीस जात नव्हता.

"सर, हेही औषध फुकट गेलं. पेशी मरतच नाहीत. ज्या काचेवर वाढवते, तिच्यावरून नुसत्या सुटतात आणि तरंगत राहतात."

"मग तू त्यांचं काय करतेस?"

"फेकून देते. दुसरं काय करणार?"

आचार्यांनी राजीनाम्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते तिला शेजारच्या व्यायामशाळेत घेऊन गेले. वैदेही लहानपणापासून मल्लखांबावर वाढलेली. म्हाताऱ्याने एरंडेलाची बाटली उचलली आणि जिथे बोटभर तेल पुरते, तिथे अख्खी बाटली खांबाला चोपडली.

"चढ."

"सर, इतक्या तेलावर पकड कशी बसेल?"

"चढ म्हणतो ना!"

पोरगी हट्टी. उडी मारली, घसरली, पुन्हा उडी मारली. शेवटी रडकुंडीला येऊन मातीत बसली.

"काय गं, ताकद गेली का तुझी?"

"ताकद आहे तशीच आहे. धरायलाच मिळेना!"

"त्या पेशीचंही असंच असतं. ती शेजारणींना सोडते, भोवतालच्या ऊतींच्या धाग्यांना धरते आणि अंग पुढे ओढते. दूरच्या अवयवात घर करायचं, तरी आधी तिथे चिकटावं लागतं. तू तिच्या जिवावर उठलीस, पण तिच्या पकडीकडे पाहिलंच नाहीस. तुझ्या त्या पेशी जिवंत होत्या आणि तरी कशालाच धरत नव्हत्या. आणि तू त्या फेकून दिल्यास! आता काचेवर घडलं ते शरीरात घडेलच असं नाही. वर्षं जातील, कदाचित हाती काही लागणारही नाही. पण त्या का सुटल्या, हे तरी विचारशील की नाही?"

वैदेही मातीतून उठली. मग तिने राजीनाम्याच्या कागदाला हाताचे तेल खसाखसा पुसले आणि तडक प्रयोगशाळेचा रस्ता धरला.

संध्याकाळी ताईने विचारले, "मिळालं का गं औषध?"

"अजून नाही, ताई. पण आता मी सोडत नाही."