शेवंतीची नऊ माणसं

“मग काढून टाकू ना तिला, अक्का?”

अक्का वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाला?”

“आत्ता सगळं सांगितलं ना! शेवंतीला.”

“सांगितलंस. माझं लक्ष कापसात होतं. पुन्हा सांग.”

निनादनं मोठा श्वास सोडला. माझं मात्र बरं झालं. मी सांडगे उलटायला नुकतीच कठड्यापाशी आले होते आणि सुरुवात माझीही चुकली होती.

आमचं घर मठाला लागून. मधे कमरेएवढा कठडा. मठ म्हणजे तरी काय, एक समाधी, एक पडवी आणि अक्का. समाधी अक्कांच्या गुरूंची. त्यांच्या लाकडी पादुका समाधीपुढच्या पाटावर असतात. कोणी काही विचारायला आलं तर अक्का पडवीत बसून ऐकतात. सांगतात फार थोडं.

निनाद बोधनकर दर गुरुवारी येतो. लहानपणापासून येतो. पुण्याच्या कंपनीचं काम बार्शीत घरी बसून करतो, आणि त्यातून वेळ काढून एक गाव चालवतो. आभाळपेठ. हे गाव कुठल्या रस्त्याला लागत नाही, ते मोबाईलमध्ये आहे. तिथे प्रत्येकाची एक बाहुली असते. बाहुलीनं हिंडायचं, घरं बांधायची, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या. मला विचाराल तर आमच्या गल्लीसारखंच, फक्त पाण्याची बोंब नाही.

“दर वर्षी स्पर्धा असते,” निनाद म्हणाला. “यंदा विषय होता पाणवठा. पाच जणांनी पाच पाणवठे बांधले. मत लोकांनी द्यायचं. जो पहिला येईल, त्याचा पाणवठा मधल्या चौकात कायमचा.”

“बरं.”

“निकाल आज सात वाजता. शेवंतीची बारव पहिली आलीय.”

“मग वाजवा ढोल.”

“अक्का, तिची नऊ मतं खोटी आहेत! एका बाईनं नऊ बाहुल्या केल्या. नऊ नावं, नऊ चेहरे. सगळ्या एकाच मोबाईलवरून येतात, आणि दोन बाहुल्या एका वेळी कधीच दिसत नाहीत. एक गेली की दुसरी. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी पकडलं.”

“हुशार आहेस.”

निनाद फुलला. पोरगा गुणाचा आहे, पण कौतुक केलं की लगेच मान ताठ होते.

“नऊ काढली की कार्तिकचं कारंजं पहिलं. आणि नियम आहे, मीच केलाय. माणशी एक मत. लबाडी केली की गावाबाहेर. बाहेर काढलं की त्याचं बांधलेलं सगळं पुसलं जातं.”

“तिनं काय काय बांधलंय?”

“एक गल्ली आहे तिची. चार वर्षं बांधतेय. घरं, पिठाची गिरणी, एक शाळा... तिकडे कोणी फारसं जात नाही. ओळखी नाहीत तिच्या.”

“कार्तिकच्या आहेत?”

“अख्खं कॉलेज आहे त्याच्या मागे.”

अक्कांनी एक वात बाजूला ठेवली. दुसरीसाठी कापूस घेतला.

“ती नऊ माणसं कशी होती?”

“बाहुल्या, अक्का.”

“कशी होती?”

निनादनं मोबाईल काढला. “एक म्हातारा आहे, काठी टेकत चालणारा. एक शाळेतली मुलगी, दोन वेण्या. एक दिवस भरत आलेली बाई. एक पोस्टमन...”

“आणि नऊच्या नऊ जणांनी शेवंतीला मत दिलं.”

“सहा जणांनी.”

“तिघांनी?”

“दुसऱ्यांना दिलं.”

अक्कांचा हात थांबला.

“ते फसवायला!” निनाद घाईनं म्हणाला. “सगळीच मतं एकीकडे पडली तर संशय येतो. लोक करतात असं. मी ओळखून आहे.”

“करत असतील. ... म्हाताऱ्यानं कुणाला दिलं?”

“कारंज्याला.”

“तिथे बसायला काही आहे का?”

“बाकडं आहे एक. का?”

“बारवेला?”

“बारवेला कशाला बाकडं? नुसत्या पायऱ्या. खोल...”

निनाद बोलता बोलता थांबला. मोबाईलवर बोट तसंच राहिलं.

“वेण्यावालीनं?” अक्कांनी विचारलं.

“तळ्याला.”

“काय आहे तळ्यात?”

“...बदकं.”

“आणि ती दिवस भरत आलेली?”

निनादनं बघितलं. 

“तिनंही कारंज्याला.”

मी एक सांडगा दोनदा उलटला.

मग निनादनं मान झटकली. “असेल. पण लबाडी ती लबाडीच. एका बाईची नऊ मतं मी कशी धरू? ज्यांनी सरळ मत दिलं त्यांनी काय घोडं मारलंय?”

“धरू नकोस. काढ.”

“मग तेच तर विचारतोय मी मघापासून!”

“आणि बाकीची?”

“बाकीची सगळी खरी. एकेक तपासलंय मी. माणूस खरा, नंबर खरा, एकाचं एकच मत.”

“त्यांनी पाणवठे बघितले?”

“म्हणजे... बघायचे तर बघता येतात की. सक्ती नाही. लिंक जाते, त्यावर पाच नावं असतात. एक दाबायचं, झालं. गावात यायचीही गरज नाही. मीच सोपं करून ठेवलंय, लोकांना वेळ कुठे असतो?”

“खरंय. कुणालाच नसतो.”

अक्कांनी वातींचं तबक खाली ठेवलं.

“तू आज आल्यावर नमस्कार केलास?”

“केला की. आल्या आल्या.”

“नुसते हात जोडलेस?”

“डोकं टेकवलं, अक्का. दर वेळी टेकवतो.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? पादुकांवर.”

अक्कांनी माझ्याकडे न बघताच हाक मारली. “शालन, वाकून वाकून पाठ धरेल तुझी. सरळ उभी राहा आणि पादुका कुठे आहेत ते सांग ह्याला.”

आता लपण्यात अर्थ नव्हता. उभी राहिले.

“इथे आहेत, माझ्यापाशी,” मी म्हटलं.

होत्याच. लाकडाला भुंगा लागायला लागला होता. अक्कांनी करंजेल चोळून पादुका सकाळीच कठड्यावर उन्हात ठेवल्या होत्या, माझ्या सांडग्यांच्या शेजारी. कावळ्यांवर लक्ष ठेव, असं मला बजावलं होतं.

निनाद वळला. आधी कठड्याकडे, मग समाधीकडे.

पाट मोकळा होता.

खरं सांगायचं तर तो आला तेव्हा मी बघितलं होतं. चप्पल काढली, भराभरा गेला, मोकळ्या पाटावर डोकं टेकवलं, उठला, खिशात मोबाईल चाचपत पडवीत आला. म्हटलं, असेल त्यांच्यात काही पद्धत. आपण कशाला बोला?

“काकू, तुम्ही बघितलंत?” त्याचे कान लाल झाले होते.

“बघितलं बाबा.”

“अक्का... मनापासून केला होता.”

“केला असशील.”

“मी काय दाखवायला करतो का?”

“नाही. माणूस खरा. डोकं खरं. एका माणसाचा एक नमस्कार.” अक्का त्याच्याकडे बघत होत्या. “सांग. धरू?”

निनादनं पुन्हा त्या पाटाकडे बघितलं. मग खाली बसला, मोबाईल मांडीवर घेतला आणि काहीतरी शोधायला लागला. आता त्याची बोटं सावकाश चालत होती.

“मत देण्याआधी पाचही पाणवठे फिरलेले...” तो म्हणाला. “एकोणीस.”

“किती जणांतले?”

“चारशेच्या वर.”

“एकोणिसांत शेवंतीची किती?”

“नऊ.”

कावळा आला. मी हाकलला.

“आणि तू?” अक्का म्हणाल्या.

“मला मत नसतं, अक्का. मी चालवतो.”

“ते नाही विचारलं. बारवेत उतरलास?”

“...वरून बघितली.”

अक्का पुन्हा वातींकडे वळल्या.

निनाद उठून कठड्यापाशी आला. मला वाटलं, पादुकांसाठी आला, पण तो तिथेच टेकला आणि मोबाईल डोळ्यांपुढे धरला. मी थोडी सरकले. थोडीच, दिसेल एवढी.

त्याची बाहुली एका बारवेच्या काठावर उभी होती. मग उतरायला लागली. एक पायरी, दुसरी पायरी. खाली जाईल तसा उजेड हिरवट होत गेला. भिंतीतल्या देवळीत एक पणती होती. पुढच्या वळणावर दगडात एक खाच होती, घागर टेकवायला केलेली. अशी खाच माझ्या माहेरच्या विहिरीला होती. तळाशी पाणी दिसलं. इतकं निवांत की माझ्या हातातलं ताट तिरकं झालं तरी मला कळलं नाही.

“एवढं तिनं कुणासाठी केलं असेल रे?” मी विचारलं.

निनादनं बाहुलीला शेवटच्या पायरीवर बसवलं आणि तोही तसाच बसून राहिला.

मग उठला. मोबाईल खिशात टाकला. मघाची ताठ मान नव्हती, पण पाय घट्ट होते.

“निकाल लावत नाही, अक्का.”

अक्का ऐकत होत्या.

“सात वाजता चौकात उभा राहून सांगतो. सगळी मतं रद्द. तिचीही आणि त्या चारशेंचीही. मतदान पुन्हा घ्यायचं. लिंक बंद. ज्याला मत द्यायचंय त्यानं यायचं, पाची पाणवठे हिंडायचे. पाचवा बघून झाला की मगच पेटी उघडेल. आणि दर माणसाला वेगळ्या वाटेनं आत सोडेन. नाहीतर दारातला पाणवठा तेवढा लोकांच्या लक्षात राहायचा.”

“कार्तिकची पोरं काय म्हणतील?”

“शिव्या घालतील.”

“घालतील.”

“म्हणतील, जिंकत होतो म्हणून नियम बदलला. निम्मे गाव सोडून जातील.”

“जातील.”

“मग राहतील ते एकोणीस!”

“दहा,” अक्का म्हणाल्या. “नऊ तिचीच ना.”

निनादला हसू आलं, पण ते टिकलं नाही.

“दहा तर दहा. दहांचं घेईन मतदान. त्यांना तरी म्हणता येईल की आम्ही बघून दिलं.”

“शेवंतीचं काय?”

“एक मत. एकच. आणि नऊ बाहुल्या आपल्याच होत्या हे तिनं सगळ्यांपुढे सांगायचं. ते मी सोडणार नाही.” जरा थांबून म्हणाला, “पण गल्ली पुसणार नाही. नियम मी केला होता, मीच बदलतो. त्याच्याही शिव्या खाईन.”

अक्कांनी तबकातल्या वाती एका रेषेत लावल्या.

निनाद जायला निघाला. पायरीवर आला आणि सवयीनं समाधीकडे वळून हात जोडायला लागला. जोडलेले हात तसेच राहिले. मग तो परत कठड्यापाशी आला.

मी सांडग्यांचं ताट बाजूला घेतलं.

त्यानं लगेच डोकं टेकवलं नाही. आधी बघितलं. डाव्या पादुकेची खुंटी झिजलेली आहे, तिच्यावरून बोट फिरवलं. टाचेपाशी भुंग्यानं पाडलेली दोन भोकं होती, तीही बघितली. इतकी वर्षं येतोय, पण मला वाटतं त्या पादुकांना खुंट्या आहेत हे त्याला आजच कळलं. मग सावकाश वाकला. उठला तेव्हा कपाळाला करंजेल लागलं होतं. त्याचा वास काही गोड नसतो. त्यानं पुसलं नाही.

फाटकाशी पोचला तेव्हा अक्कांनी हाक मारली.

“निनाद.”

“हं?”

“मोजणीला कोण बसतं?”

“मीच. नेहमी मीच असतो.”

“ह्या वेळी त्या तिघांना बसव.”

“कुठल्या तिघांना?”

“तो म्हातारा. ती वेण्यावाली. आणि ती दिवस भरत आलेली. तिला बाकडं दे. शेवंतीची असून तिच्याकडे झुकली नाहीत ती.”

निनाद हसला. मग त्यानं बघितलं, अक्का हसत नव्हत्या.

“अक्का, ती माणसं नाहीत हो. नुसत्या बाहुल्या. तिथे कोणीच नसतं.”

अक्कांनी शेवटची वात उचलली, दोन तळव्यांमधे फिरवली.

“मघाशी पाटावरही कोणी नव्हतं. तरी मनापासून टेकवलंस ना डोकं?”