इटुकलीची राहिलेली फुगडी

काकीच्या घरात एक बीळ होतं. बिळात राहायची इटुकली उंदरी आणि तिची आई.

रोज दुपारी दोघी फुगडी खेळायच्या. गर गर गर!

आज आई आलीच नाही.

इटुकली एकटीच फिरली. गर गर... धप्प! पडली. हात धरायला कुणी नव्हतं.

इटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आई, आई, फुगडी खेळ ना!"

"पोतं गळतंय, बाळा. दाणे वेचायचेत. पोतं थांबेल, तर मी थांबेन."

इटुकली निघाली. एकटीच. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पोत्या, पोत्या, आई थांबेना, माझी फुगडी होईना. तू थांबशील का?"

टप टप टप. पोतं म्हणालं, "मला भोक पडलंय गं. दाभण शिवेल, तर मी थांबेन."

इटुकली निघाली. एकटीच. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दाभणदादा, दाभणदादा, पोतं थांबेना, आई थांबेना, माझी फुगडी होईना. तू शिवशील का?"

खुप खुप खुप. दाभण म्हणाला, "मी तर काकीच्या हातात. काकी उठेल, तर मी शिवेन."

इटुकलीनं वर पाहिलं.

"काकी, काकी, दाभण शिवेना, पोतं थांबेना, आई थांबेना, माझी फुगडी होईना. तू उठशील का?"

"अगं बये, शेपूट सांभाळ, टोचेल! बैलाची झूल शिवतेय. माप घ्यायचंय. कधीची वाट बघतेय. बैल येईल, तर मी उठेन."

इटुकली निघाली. एकटीच. तुरुतुरु, तुरुतुरु. शेत केवढं मोठं!

"बैलोबा, बैलोबा, काकी उठेना, दाभण शिवेना, पोतं थांबेना, आई थांबेना, माझी फुगडी होईना. तू येशील का?"

खुळ खुळ खुळ. बैल म्हणाला, "मानेवर जू आहे, इटुकले. खांदे दुखतात. भिवाकाका जू काढेल, तर मी येईन."

इटुकलीनं मोठ्ठा श्वास घेतला.

"भिवाकाका, भिवाकाका, बैल येईना, काकी उठेना, दाभण शिवेना, पोतं थांबेना, आई थांबेना, माझी फुगडी होईना. तू जू काढशील का?"

"वा गं वा! आता उंदरांनी बैलाची सुट्टी मागायची? काम संपेल, तर काढीन."

"काम कधी संपेल?"

भिवाकाकानं शेत पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

इटुकलीचे पाय दुखले. ती बांधावर बसली. काकाच्या भाकरीशेजारी एक वाटी होती. झाकलेली.

"काका, यात काय आहे?"

"हळद आणि लोणी. काकीनं सकाळीच दिलंय. बैलाच्या खांद्यांना... अरेच्चा! उद्या पोळा! आज बैलाचे खांदे मळायचे! विसरलोच की मी!"

काकानं जू काढलं. खांद्यांना हळद-लोणी चोळलं. हळू हळू, हळू हळू. बैलानं डोळे मिटले. काकाही जरा टेकला.

"राहिलेलं शेत पोळा झाल्यावर," तो म्हणाला.

मग?

बैल आला. खुळ खुळ खुळ.
काकी उठली. माप घेतलं. दोरा तोडला. कच्!
दाभणानं भोक शिवलं. खुप खुप खुप.
पोतं थांबलं. टप... टप... गप्प.
आई थांबली.

"आई, अजून खाली दाणे आहेत," इटुकली हळूच म्हणाली.

"असू देत. मग दोघी मिळून वेचू. आधी हात दे."

आईचे हात खरखरीत होते. दाण्यांचा वास येत होता. इटुकलीनं ते घट्ट धरले.

गर गर गर! आईनं तिकडून ओढलं. इटुकलीनं इकडून ओढलं.

कुणीच पडलं नाही.