साखरेच्या अंगरख्याला मुजरा

द्रौपदाबाईंच्या देहात जोत्याजी नावाचा एक पहारेकरी राहत होता. रक्ताच्या वाटेने गावोगाव फिरायचं आणि परका दिसला की भाल्याने उडवायचा, हे त्याचं काम. भल्या भल्या जंतूंची त्याच्यापुढे डाळ शिजत नसे.

त्या देहातली प्रत्येक पेशी अंगावर साखरेचा अंगरखा घाली. ही साखर डब्यातली नव्हे. जिची तिने घरीच विणलेली. जोत्याजी अंगरख्यावरून हात फिरवी, साखर लागली की म्हणे, “आपलीच,” आणि भाला खाली करी. वाडवडिलांपासून पहाऱ्याची हीच रीत होती.

छातीतल्या गावात सखू नावाची एक पेशी बिघडली. शेजारणींना ढकलून ती पसरू लागली. तिला तिच्यासारख्याच लेकी झाल्या, आणि सगळ्यांनी अंगावर साखरेचे थरावर थर चढवले. माणसं या दुखण्याला कर्करोग म्हणतात. जोत्याजीला कुणकुण लागली.

“सखू, हा काय पसारा मांडलायस?”

“मामा, घरचीच ना मी? हात लावून बघा की.”

त्याने हात लावला. इतकी साखर त्याला कुठेच लागली नव्हती. मनात पाल चुकचुकली, पण भाला खाली गेला. वर बिचारा मुजरा करून निघाला.

मग सखूच्या लेकी रक्ताच्या वाटेला लागल्या. एरवी वाहूनच गेल्या असत्या. पण त्याच साखरेमुळे वाटेच्या भिंतींना चिकटल्या आणि भिंत ओलांडून यकृतात शिरल्या. जोत्याजी पोहोचला तेव्हा अर्धं यकृत त्यांनी गिळलं होतं. बाहेर द्रौपदाबाईंना पेजेचा घोटही उतरत नव्हता.

आता जोत्याजीला सगळं कळलं. हा देह गेला तर आपणही उरणार नाही, हेही कळलं. दातओठ खात त्याने भाला उचलला.

एक पोर पुढे झाली. “मामा, आधी हात तर लावा.”

त्याचा हात आपसूक तिच्या अंगरख्यावर गेला. साखर लागली. भाला खाली आला. तो रडला, त्याने स्वतःला शिव्या घातल्या, भाला पुन्हा उचलला. तो पुन्हा खाली आला.

थोड्याच दिवसांत द्रौपदाबाई गेल्या. रक्ताची वाट थांबली. जोत्याजी उभ्या जागी संपला, आणि अंगभर साखर ल्यालेल्या त्या पोरीही त्याच्याबरोबर थंड पडल्या.

तात्पर्य: जो पहारा अंगरखा चाचपून आपलं-परकं ठरवतो, त्याच्या नाकासमोर घरचाच वैरी मोठा होतो, आणि हाताची सवय मोडली नाही, तर उशिरा आलेल्या शहाणपणाने कोणीच वाचत नाही.