ओली चाकं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. गाड्या तेव्हाही बोलत आणि माणसं तेव्हाही ऐकत नसत.

समुद्राकाठच्या एका गावात भार्गव खोतांची मोटार होती. खोत ती सणावाराशिवाय कधी बाहेर काढत नसत. दर रविवारी धूत, बॉनेट चकाकेपर्यंत पुसत आणि चाकं ओली ठेवून वर कापड घालत.

चाकामागची ब्रेकची चकती बॉनेटला म्हणाली, "खारा वारा मला खातोय. धुतल्यावर नाक्यापर्यंत नेलं, चारदा ब्रेक दाबला, तरी मी वाळेन. खोत तुझ्याकडेच बघतात. सांग ना त्यांना."

"तुझ्यापायी मी धूळ खाऊ?" बॉनेट म्हणालं.

दसऱ्याला बॉनेटला झेंडूचा हार पडला आणि मोटार देवळाच्या उताराला लागली. चाकं करकरली.

"अहो, कसला आवाज येतोय?" खोतीणबाईंनी विचारलं.

"सणासुदीचं अभद्र बोलू नकोस."

उतारावर ब्रेक लागलाच नाही. मोटार दीपमाळेवर आदळली. बॉनेट चेपलं, खोतीणबाईंचा पाय मोडला. "ब्रेकनं दगा दिला," खोत गावभर सांगत सुटले. चकती भंगारात गेली.

नव्या बॉनेटचा पहिला रविवार. खोत ते पुसत होते. काठी टेकत खोतीणबाई म्हणाल्या, "चाकंही कोरडी करा."

खोतांनी ओल्या चाकांसकट मोटारीवर कापड ओढलं. "ती कोण बघतंय?"