वैद्यबुवांचा काढा

एका गावात एक वैद्यबुवा होते. नाडी बघण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांचा नियम एकच: नाडी हातात असेपर्यंत वैद्याने तोंड उघडायचं नाही. रोग्याने बोलावं, वैद्याने ऐकावं.

घरात मात्र हा नियम कुठे पळून जायचा, देव जाणे! वैद्यीणबाईंनी म्हणावं, "अहो, जरा बोलायचंय. हल्ली मला अन्न गोड लागत नाही..."

"पित्त झालंय. काढा घे!"

"तसं नव्हे हो, काळीज नुसतं धडधडतंय, तुमच्या त्या..."

"काढा घे म्हटलं ना!"

बिचाऱ्या बाई काढा पिऊन गप्प बसायच्या. बुवा तसे मायेचे, पण बायकोचं पुरतं ऐकून घेतील तर शपथ!

एकदा सकाळचे रोगी गेल्यावर बाई धापा टाकत आल्या आणि थेट रोग्याच्या पाटावर बसल्या. हात पुढे करून म्हणाल्या, "नाडी बघा."

बुवांना हसू आलं. पण मनगट हातात आलं आणि सवयीने तोंड मिटलं. बाई याचीच तर वाट बघत होत्या.

"अहो, तुम्हाला नीट दिसत नाही. होळीपासून औषधाच्या पुड्या देताना चुकताय. आज सुताराच्या तान्ह्या पोरीला मोठ्या माणसाची पुडी दिलीत. मी मागच्या दाराने धावत जाऊन बदलून आले. उद्या मी वेळेत नाही पोचले तर?"

बुवांचे कान तापले. चाळीस वर्षं वैद्यकी केलेल्या माणसाला ही चुका दाखवते? 'काहीतरीच बोलू नकोस!' अगदी ओठांवर आलं. पण बोटांखाली नाडी चिमणीसारखी फडफडत होती. अशी नाडी भ्यालेल्या माणसाची असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या बायकोला माझीच भीती? बुवांना फार वाईट वाटलं. बाईंचं बोलून, रडून होईपर्यंत ते गप्प राहिले. हळूहळू नाडी शांत झाली.

मग त्यांनी विचारलं, "अगं, आधी का नाही सांगितलंस?"

"पाच वेळा आले होते सांगायला. पाचही वेळा काढा पाजलात!"

बुवा ओशाळले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून बुवा नाडी बघायचे आणि पुड्या बाई बांधायच्या. आणि घरात "अहो, जरा बोलायचंय" असं कानावर आलं, की बुवा आधी बाईंचा हात हातात घ्यायचे.

तात्पर्य एवढंच: आपल्या माणसाचं बोलणं पुरं होण्याआधी उपाय सांगू नये, मग ते बोलणं आपल्याच चुकीबद्दल का असेना.