बरणीवरचा अंगठा

"मग आता काय कमी आहे, गुरुजी?"

योंगचिनने पळी पुढे धरली. चुलीशेजारी बसलेल्या वृद्ध बाओशूंनी जिभेवर थेंबभर चटणी घेतली. डोळे मिटले...

"अजून नाही."

दक्षिण चीनमधल्या त्या डोंगरी मठात दर उन्हाळ्यात आलुबुखाराची आंबटगोड चटणी होत असे. बरणीचं तोंड चिकणमातीने लिंपायचं आणि ओल्या मातीवर अंगठा उमटवायचा, ही तिथली रीत. ज्याचा अंगठा, त्याची चटणी. बिघडली तर बोलणीही त्यानेच खायची. आजवर प्रत्येक बरणीवर अंगठा होता तो बाओशूंचा. योंगचिन त्या मानासाठी झुरत होता.

चटणी करावी तर मीच, असं मठभर सांगत फिरायचा. आणि पळी भरली रे भरली की गुरूंकडे धावायचा.

त्याने साखर वाढवली.

"आता?"

"अजून नाही."

थोडं व्हिनेगर ओतलं. आलं किसून घातलं.

"नाही."

योंगचिनचं डोकं सणकलं. तो तणतणत कढईपाशी गेला, पळी बुडवली आणि या खेपेला सरळ स्वतःच्या तोंडात घातली. सकाळपासून त्याने चटणी एकदाही चाखली नव्हती.

आधी आंबट. मग सावकाश गोडवा. आणि अगदी शेवटी, घशापाशी, आल्याची ऊब...

त्याला हसू फुटलं. कुणाकडे न बघता त्याने कढई उतरवली. चटणी निवल्यावर बरणीत भरली, तोंड लिंपलं आणि मातीवर स्वतःचा अंगठा दाबला.

"मला न विचारताच?" बाओशू म्हणाले.

"झाली आहे, गुरुजी."

"बिघडली तर?"

"अंगठा माझा आहे."

म्हातारा गुडघ्यांवर हात टेकत उठला. आपली झिजलेली पळी त्याने शिष्याच्या हातात ठेवली. योंगचिनचा आनंद गगनात मावेना. एवढा आनंद त्याला मठात आल्यापासून कधी झाला नव्हता.

तरी एक गोष्ट त्याला विचारल्यावाचून राहवेना.

"पण गुरुजी, सकाळपासून तुमच्या जिभेला काय कमी लागत होतं?"

बाओशूंनी बंद बरणीवरून हात फिरवला.

"गेल्या हिवाळ्यात मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून माझ्या जिभेला चवच कळत नाही रे... सांग ना, कशी झाली आहे?"